कोंड्याचा मांडा

वार्षिक अंकासाठी एका शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिणार आहे, असे मी वर्गात सांगितले तेव्हा मैत्रिणींनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की जणू मी शाखाच बदलली. कला शाखेच्या मुलीने फार तर एखाद्या संत कवयित्रीवर लिहावे, नाही तर विस्मृतीत गेलेल्या नाटककारावर. त्यांचे चुकले असेही नाही. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. त्या परीक्षेत ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाचे नाव विचारले होते. मी बेरीबेरी असे लिहून एक गुण मिळवला. बेरीबेरी म्हणजे माणसाला नेमके काय होते, हे मला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही त्याची गरज वाटली नसावी.

पुढे बी. ए.ला इतिहासाच्या अभ्यासासाठी डच लोकांच्या ईस्ट इंडीजमधील राजवटीविषयी वाचत असताना तो शब्द पुन्हा भेटला. सुमात्रा बेटावरील आचे प्रांताशी डचांनी १८७३ साली युद्ध सुरू केले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या सैन्यात शत्रूपेक्षा बेरीबेरीचीच धास्ती फार. त्याच पानावर एका लष्करी डॉक्टरचा आणि त्याच्या कोंबड्यांचा उल्लेख होता. डॉक्टर आणि कोंबड्या ही जोडी मला गमतीची वाटली म्हणून मी पुढे वाचत गेले, आणि वाचता वाचता आमच्या घरच्या पडवीत येऊन पोहोचले.

ते कसे, ते आधी सांगते. आमचे घर कोकणातले, भातशेतीचे. पडवीच्या कोपऱ्यात जमिनीत बसवलेले एक दगडी वायन अजून आहे. आता त्यात जुने खिळे आणि सुतळ्या पडलेल्या असतात. आजीच्या सासुरवासाच्या दिवसांत पहाटे उठून घिरटावर भात भरडायचा, सुपाने पाखडून तूस उडवायचे आणि मग त्या वायनात मुसळाने तांदूळ सडायचा, असा क्रम होता. तिच्या तळहातांचे घट्टे मी पाहिले आहेत. गावात भाताची गिरण आली तेव्हा तिने देवापुढे नारळ फोडला होता म्हणे. तिच्या त्या आनंदाला कोणी नावे ठेवू नयेत. गिरणीतून तांदूळ मोगऱ्याच्या कळ्यांसारखा पांढरा येई आणि कोंडा वेगळ्या पिशवीत मिळे. तो म्हशीच्या आंबोणात आणि कोंबड्यांच्या पुढ्यात जाई. आजी मात्र स्वतःपुरता थोडा तांबूस, कमी सडलेला तांदूळ बाजूला ठेवायची. तो भात चुकून माझ्या पानात पडला की मी रुसून बसत असे. आमच्या कोंबड्या माझ्यापेक्षा चांगले जेवत होत्या, हे मला त्या डच डॉक्टरने शिकवले.

ख्रिस्तिआन आइकमान यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी हॉलंडमधील नायकेर्क या लहानशा गावी झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आणि हे त्यांचे सातवे अपत्य. वर्षभरातच वडिलांची नेमणूक झानडाम येथील नव्या शाळेवर झाली आणि बिऱ्हाड तिकडे हलले. १८७५ साली आइकमान ॲम्स्टरडॅमच्या लष्करी वैद्यकीय शाळेत दाखल झाले. ईस्ट इंडीजमधील सैन्यासाठी डॉक्टर तयार करणे हे या शाळेचे काम. तिथे ते शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकांचे सहायक झाले आणि १८८३ साली मज्जातंतूंवरील प्रबंधाला सन्मानासह डॉक्टरची पदवी मिळाली. मज्जातंतूंनी त्यांची पाठ पुढे आयुष्यभर सोडली नाही.

त्याच वर्षी लग्न झाले आणि त्याच वर्षी ते जावा बेटावर रुजू झाले. सेमारंग, मग चिलाचाप, मग सुमात्रातील पाडांग सिदेंपुआन अशा बदल्या झाल्या. चिलाचापच्या मुक्कामात मलेरियाने गाठले आणि त्यांना इतके खिळखिळे केले, की १८८५ साली आजारपणाच्या रजेवर मायदेशी परतावे लागले. पुढच्याच वर्षी पत्नी आल्त्ये वारल्या. आइकमान तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नसतील, नाही तर नुकतेच झाले असतील. प्रकृती खचलेली, घर मोडलेले. अशा अवस्थेत माणूस एखाद्या लहान गावी दवाखाना थाटून बसला असता. ते बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्र शिकायला गेले.

तो काळ जंतूंचा होता. कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला होता आणि त्यानंतर पटकीचा. प्रत्येक रोगामागे एक जंतू असणार आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून नेटाने बसले की तो सापडणार, असा विश्वास तरुण डॉक्टरांच्या मनात भरला होता. बेरीबेरीही त्याला अपवाद असेल असे कोणाला वाटले नाही, आणि वाटण्यासारखे कारणही नव्हते. हा रोग बराकींत, तुरुंगांत, जहाजांवर, म्हणजे माणसे दाटीवाटीने राहतात तिथे साथीसारखा येई. पायांना मुंग्या येत, मग बधिरपणा, मग पाय उचलेनासे होत. कुणाच्या अंगावर सूज चढे आणि हृदय एकाएकी बंद पडे. सकाळी कवायतीला उभा असलेला शिपाई रात्री दगावल्याची उदाहरणे होती. डच सरकारने पेकेलहारिंग आणि विंकलर या दोन तज्ज्ञांना १८८६ साली ईस्ट इंडीजला पाठवले. जाण्यापूर्वी ते बर्लिनला आले असता त्यांची आइकमान यांच्याशी गाठ पडली आणि या पथकाबरोबर आइकमान पुन्हा जावाला निघाले. ज्या हवेने त्यांना मरणाच्या दारी नेले, त्याच हवेत.

पथकाने रुग्णांच्या रक्तात काही गोलाकार जंतू पाहिले, बेरीबेरी हा संसर्गजन्य मज्जातंतुदाह आहे असा निष्कर्ष काढला आणि १८८७ साली ते परत गेले. जाताना पेकेलहारिंग यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, लष्करी रुग्णालयात थाटलेली तात्पुरती प्रयोगशाळा कायम करावी अशी शिफारस त्यांनी गव्हर्नर जनरलकडे केली. १५ जानेवारी १८८८ पासून आइकमान तिचे संचालक झाले. जावातील स्थानिक मुलांना वैद्यक शिकवणाऱ्या डॉक्टर-जावा शाळेचा कारभारही त्यांच्याकडे आला. त्याच वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले.

इथे एक गोष्ट नोंदवणे इतिहासाच्या विद्यार्थिनीला भाग आहे. ही प्रयोगशाळा रयतेच्या कळवळ्याने उभी राहिली नव्हती. शिपाई पायावर उभा राहावा, ही सरकारची गरज होती. पण याच प्रयोगशाळेत आइकमान यांनी गोऱ्या आणि स्थानिक माणसांचे रक्त, घाम, शरीराची ऊब यांची मोजमापे घेतली, आणि उष्ण कटिबंधात आल्यावर गोऱ्या माणसाचे रक्त पातळ होते वगैरे रूढ समजुती खोट्या ठरवल्या. त्यांची मोजपट्टी सरकारी नोकर नव्हती एवढे तरी म्हणता येईल.

मुख्य काम अर्थातच त्या जंतूला पकडण्याचे. रुग्णाचे रक्त टोचून प्राण्यात रोग निर्माण होतो का, हे पाहायचे होते. ससे आणि माकडे टोचून झाली; काही हाती लागेना. मग आइकमान कोंबड्यांकडे वळले. कोंबडी स्वस्त असते, थोड्या जागेत पुष्कळ ठेवता येतात. काहींना रक्त टोचायचे, काहींना तुलनेसाठी तसेच ठेवायचे.

१० जुलै १८८९ रोजी खुराड्यात रोग दिसला. कोंबड्या झोकांड्या देत चालू लागल्या. पाय दुमडू लागले, दांडीवर बसवेना, मग कुशीवर पडत, पंख लुळे होत, श्वास लागे, तुरा निळसर पडे आणि त्या मरत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांच्या मज्जातंतूंचा ऱ्हास झालेला दिसला, बेरीबेरीच्या रुग्णांत दिसतो तसाच. जंतुवादी माणसाला याहून आनंदाची बातमी कोणती! परंतु एक अडचण होती. रक्त टोचलेल्या कोंबड्या आजारी पडल्या तशा न टोचलेल्याही पडल्या. निराळ्या ठेवल्या त्यांचीही सुटका झाली नाही. जंतू तर कुठे दिसेना. त्यात नोव्हेंबरच्या अखेरीस रोग जसा आला तसा नाहीसा झाला. नव्या कोंबड्या आजारी पडेनात, आजारी होत्या त्या उठून दाणे टिपू लागल्या. प्रयोगच संपला.

माझ्या मते आइकमान यांचा मोठेपणा या क्षणी आहे. रोग गेला म्हणून हात झटकून नव्या कोंबड्या आणून पुन्हा टोचाटोची करणे सोपे होते. ते खुराड्यात काय बदलले याची चौकशी करू लागले. कोंबड्यांना काय घालत होता, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेच्या नोकराला विचारला. तेव्हा उलगडा झाला. कोंबड्यांना एरवी साधा, न सडलेला तांदूळ मिळे. नोकराने चार पैसे वाचावेत म्हणून रुग्णालयाच्या भटारखान्यातून शिजवलेला भात आणून घालायला सुरुवात केली होती. तो भात लष्करी रुग्णांसाठीचा, उंची, पांढराशुभ्र. १७ जूनपासून हा क्रम चालला. पुढे भटारखान्यातला आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने हिशेब घातला, की लष्कराचा तांदूळ लष्करासाठी आहे, बिनलष्करी कोंबड्यांचा त्यावर हक्क नाही. २७ नोव्हेंबरला तो भात बंद झाला आणि पुन्हा साधा तांदूळ सुरू झाला. त्यानंतर काही दिवसांतच रोग ओसरला.

नोकराच्या काटकसरीने रोग आणला आणि आचाऱ्याच्या चिक्कूपणाने तो घालवला. या दोघांची नावे मला कुठे सापडली नाहीत. इतिहासात अशा माणसांची नावे नसतात, हे आमचे सर वर्गात नेहमी सांगतात. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पुढची कित्येक वर्षे आइकमान यांनी या योगायोगाची कसून परीक्षा घेतली. सडलेला तांदूळ शिजवून दिला, कच्चा दिला. दोन्हींनी तीन-चार आठवड्यांत कोंबड्या लुळ्या पडल्या. नुसते तूस काढलेला, पण वरचे तांबूस पापुद्रे शाबूत असलेला तांदूळ दिला; कोंबड्या ठणठणीत राहिल्या. पांढऱ्या तांदळात गिरणीतला कोंडा मिसळला. रोग आला नाही. आधीच आजारी पडलेल्या कोंबडीला कोंडा दिला. ती उठून चालू लागली. तांदूळ सोडून साबुदाण्यासारखा दुसरा पिष्टमय पदार्थ दिला तरी रोग झाला. ज्या कोंड्याला आपण भुकेला कोंडा, निजेला धोंडा म्हणून गरिबीच्या खात्यात टाकून देतो, त्या कोंड्यात काहीतरी होते. आणि वाफेच्या गिरण्या आल्यापासून ते काहीतरी जावाच्या बराकींतून पद्धतशीरपणे चाळून फेकले जात होते.

या प्रयोगांत किती कोंबड्या मेल्या असतील, हा विचार वाचताना मला टाळता आला नाही. लहानपणी खुराडे उघडण्याचे काम माझ्याकडे असे, म्हणून असेल कदाचित.

आता त्या काहीतरीचा अर्थ काय लावायचा? इथे आइकमान चुकले. ते कॉख यांचे शिष्य. रोग होतो म्हणजे काहीतरी वाईट शरीरात शिरते, ही त्या पठडीची शिकवण. तेव्हा त्यांनी असे मांडले, की पिष्टमय अन्नापासून शरीरात एक विष तयार होते आणि कोंड्यात त्या विषाचा उतारा असतो. एखादी गोष्ट नसल्यामुळे, केवळ नसण्यामुळे, माणूस मरू शकतो हे त्यांच्या मनात येईना. आज आपल्याला हे सोपे वाटते, कारण ते आपण पाठ केले आहे. मलाही एक गुण मिळाला होताच.

कोंबडीचे माणसाला लागू पडते का, हा प्रश्न उरला होता. विरोधक तोच विचारत होते, आणि रास्त विचारत होते. आइकमान यांनी ही शंका आदोल्फ फोर्डरमान यांच्यापुढे मांडली. हे जावाचे वैद्यकीय निरीक्षक. त्यांच्या देखरेखीखाली बेटावरील तुरुंग होते आणि त्या त्या भागाच्या रिवाजाप्रमाणे कुठे सडलेला, कुठे न सडलेला, तर कुठे मिश्र तांदूळ कैद्यांना मिळे. फोर्डरमान यांनी १०१ तुरुंगांची पाहणी केली. कैद्यांची संख्या सुमारे २ लाख ८० हजार. न सडलेला तांदूळ देणाऱ्या ३७ तुरुंगांपैकी एका ठिकाणी बेरीबेरी सापडला. पांढरा तांदूळ देणाऱ्या ५१ तुरुंगांपैकी ३६ ठिकाणी सापडला. उरलेल्या मिश्र तांदळाच्या १३ तुरुंगांत तो ६ ठिकाणी होता. इमारत किती जुनी, जमीन कशी, हवा खेळती आहे की कोंदट, गर्दी किती, हेही त्यांनी तपासले. त्याचा रोगाशी मेळ बसला नाही. हा अहवाल १८९७ साली प्रसिद्ध झाला. तोवर, मार्च १८९६ मध्ये, पुन्हा ढासळलेल्या प्रकृतीमुळे आइकमान यांनी जावा सोडले होते.

कैद्याला काय खायला मिळते याची अशी दखल घेतली गेली ती एका कोंबडीमुळे, हे थोडे विचित्र वाटते. पण त्यानंतरही पांढरा तांदूळ लगेच बंद झाला नाही. मोठमोठ्या डॉक्टरांना कोंबडीचा पुरावा हास्यास्पद वाटे.

आइकमान यांच्या जागी काम पुढे नेले गेरिट ग्रिन्स यांनी. मला स्वतःला हा माणूस फार आवडतो. त्यांनी विषाचा शोध सोडून दिला आणि अन्नाकडे पाहिले. मांस १२० अंशांवर तापवून कोंबड्यांना घातले, तर त्यात पिष्ट जवळपास नसूनही त्याच रोगाने त्या लुळ्या पडल्या. मग पिष्टापासून होणारे विष आले कुठून? उलट हिरवे मूग दिले की पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्याही बऱ्या होत. मूग म्हणजे आपलेच मूग. आजारातून उठलेल्याला आपल्याकडे मुगाचे कढण देतात, ते आठवून मला वाचनालयात हसू आले. १९०१ साली ग्रिन्स यांनी लिहिले, की नैसर्गिक अन्नात असे काही पदार्थ असतात ज्यांच्या अभावी मज्जातंतूंना इजा पोहोचते. ते सहज नष्ट होतात आणि त्यांची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. जीवनसत्त्व हा शब्द जन्माला यायचा होता, पण कल्पना इथे पुरी झाली. मूळ ‘व्हिटॅमिन’ हा शब्द कासिमिर फुंक यांनी १९१२ साली दिला.

आणि आइकमान? आपल्या मागून आलेल्या माणसाने आपला सिद्धान्त उलथवला, तर माणसे काय काय करतात ते आपण विद्वानांच्या भांडणांत वाचतोच. आइकमान यांनी लगेच मान तुकवली नाही, वादही घातला. मात्र प्रयोग चालू ठेवले. ते १८९८ पासून उट्रेख्ट विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. कोंड्यातला तो पदार्थ पाण्यात उतरतो, हे त्यांनी दाखवले, आणि हळूहळू तो पदार्थच अन्नात आवश्यक असतो हे मान्य केले. त्यांच्या नोबेल व्याख्यानात ग्रिन्स यांचे नाव आहे.

उट्रेख्टची वर्षे शांततेची. पाण्याची शुद्धता तपासण्याची त्यांची एक पद्धत जंतुशास्त्रात त्यांच्या नावाने ओळखली गेली. विद्यार्थी तयार केले, समित्यांवर बसले. १९२६ साली बटाव्हियाच्या त्याच जुन्या प्रयोगशाळेत यान्सेन आणि डोनाथ यांनी कोंड्यातून त्या पदार्थाचे शुद्ध स्फटिक वेगळे केले. ज्या पदार्थाशी आइकमान छत्तीस-सदतीस वर्षे झुंजत होते, तो त्यांच्या हयातीत डोळ्यांना दिसू शकला, हे भाग्य फार थोड्या संशोधकांना लाभते. त्यालाच आपण थायमिन किंवा ब-१ म्हणतो.

हा पदार्थ करतो काय, ते पुढे ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांनी कबुतरांवरून उलगडले. आपण भात खातो, त्याची साखर होते, आणि ती साखर पेशीत अर्धवट जळून पायरुव्हिक आम्लापाशी येते. तिथून पुढे जळायला ब-१ ची मदत लागते. ते नसले की काम तिथेच तुंबते. आणि मज्जातंतू व हृदय यांना तर सतत ऊर्जा हवी, म्हणून पहिला तडाखा त्यांना. शरीरात ब-१ चा साठा जेमतेम काही आठवड्यांचा. कोंबड्या तीन-चार आठवड्यांनी का पडत याचा अर्थ आता लागतो. शिवाय भात जितका जास्त खावा तितकी ब-१ ची गरज वाढते. म्हणजे पिष्टाचा रोगाशी संबंध आहे, हा आइकमान यांचा संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. आमच्याकडचा उकडा तांदूळही यातून कळतो. भात तुसासकट उकडला की कोंड्यातले ब-१ दाण्याच्या आत मुरते, आणि मग गिरणीत सडले तरी सगळे निघून जात नाही. ज्या बायकांनी ही रीत चालवली त्यांना ब-१ माहीत नव्हते.

१९२९ साली आइकमान यांना इंग्लंडच्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्यासह वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते इतके आजारी होते, की स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. ग्रिन्स यांना त्यात वाटा मिळाला नाही. ते वागेनिंगेनच्या कृषी महाविद्यालयात प्राण्यांचे शरीरक्रियाशास्त्र शिकवत राहिले. पारितोषिक देणाऱ्यांचा तो निर्णय मला पटत नाही. पण आइकमान यांना ते मिळू नये असेही मी म्हणणार नाही. ५ नोव्हेंबर १९३० रोजी उट्रेख्ट येथे आइकमान यांचे निधन झाले. बटाव्हियाच्या प्रयोगशाळेला १९३८ साली त्यांचे नाव देण्यात आले.

गेल्या मे महिन्यात भात घेऊन मी स्वतः गिरणीवर गेले आणि एक हात कमी द्यायला सांगितले. गिरणीवाल्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण उलट मागणीची त्यांना सवय. तांदूळ तांबूस आला. तो शिजायला वेळ लागतो म्हणून आई कुरकुरली, आणि धाकट्या भावाने पान बाजूला सरकवले. कोंडा नेहमीपेक्षा कमी निघाला होता. संध्याकाळी कोंबड्या पायरीशी बराच वेळ घुटमळत राहिल्या.